आडव्या इंजिनाची जागा

झाकणाचा शेवटचा बोल्ट हातात आला आणि तिने बोथट सुरीचे पाते फटीत सरकवले. जुना चिकटा जागोजागी धरून बसला होता. पाते हळूहळू सगळ्या कडेने फिरवून तिने झाकण दोन्ही हातांनी उचलले, बाजूला ठेवले आणि स्टँडवर उलट्या टांगलेल्या इंजिनाच्या पोटात दिवा सोडला.

आत तेलाचा पातळ थर अजून चमकत होता. पिस्टनांच्या ये-जा करण्यातून जो गरगर फिरतो तो क्रँक, तो लांब वाकडातिकडा दांडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडा पडला होता. तिने पुढच्या टोकाला पाना लावून तो सावकाश फिरवला. डाव्या रांगेतला पहिला पिस्टन आत आला. त्याच्या समोरचा, उजव्या रांगेतला, बाहेर गेला.

तिने पाना थांबवला आणि पुन्हा फिरवला. डावा बाहेर निघाला, उजवा आत आला.

"हे काय भलतंच?" ती इंजिनालाच म्हणाली.

संग्रहालयाची कार्यशाळा तळमजल्यावर, मागच्या अंगाला होती. त्या आठवड्यात धुके इतके दाट पडत होते की खिडकीपलीकडे जग आहे हे आपले मानूनच चालावे लागे. दुपारीही दिवे लागलेले असत. आवाज लांबून, कापडातून गाळून आल्यासारखे येत. अशा दिवसांत तिला काम करायला आवडे, कारण आपण जागे आहोत की नाही हे कोणी विचारत नसे.

तिचे काम इंजिने कापायचे. पाहणाऱ्याला आतले सगळे दिसावे म्हणून लोखंडात नेमक्या जागी खिडक्या पाडायच्या, कापलेल्या कडा लाल करून घ्यायच्या, पाण्याच्या वाटा निळ्या, तेलाच्या पिवळ्या. रंग द्यायला एक रंगारी होता. तो तिला करवतबाई म्हणे. कापलेले इंजिन पुन्हा कधी पेटत नाही. हँडल फिरवले की तेवढे हलते. "तुमच्या हाताखालून गेला तो शोभेचाच झाला," रंगारी म्हणायचा आणि वर पुस्ती जोडायचा, "आमच्या घरी हेच काम करवतीशिवाय होतं."

आता मात्र तो ब्रश हातात धरून तिच्या खांद्यावरून आत डोकावत उभा होता.

"काय झालं? तुटलंय का काही?"

"तुटलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "हे समोरासमोरचं इंजिनच नाहीये."

"अहो, समोरासमोर तर दिसतायत की दोघं."

"दिसतायत. पण दोघांना पिन एकच आहे. क्रँकच्या एकाच पिनेवर दोघा पिस्टनांचे दांडे शेजारीशेजारी बसवलेत. म्हणून एक बाहेर गेला की दुसरा आत. खऱ्या समोरासमोरच्यात दोघांना आपापली पिन असते, दोघं एकदम बाहेर जातात, एकदम आत येतात. हे व्हीच्या घराण्यातलं, व्ही अक्षरासारख्या फाकलेल्या रांगांचं. दोन रांगा फाकत फाकत गेल्या त्या जमिनीला टेकल्या, एवढंच."

रंगाऱ्याने ब्रश पुसला. मग उगाच पुन्हा पुसला.

"मग आबांना कोण सांगणार?"

"तुम्ही सांगा."

"मी नाही बाबा. मी फक्त रंग देतो."

आबा म्हणजे तिचे सासरे. वरच्या मजल्यावरची दालने त्यांनी लावली होती. सगळे संग्रहालय त्यांना आबा म्हणे. लग्नाआधी इथे कामाला लागली तेव्हा तीही आबाच म्हणत होती, आणि पुढे नाते बदलले तरी हाक तीच राहिली. आबांच्या मते जगातल्या बहुतेक गोंधळांचे कारण एकच होते, वस्तू आपल्या जागी नसतात. म्हणून पहिले दालन सरळ रांगेच्या इंजिनांचे. दुसरे व्हीचे. तिसरे आडव्यांचे, ज्यांचे सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे पडून एकमेकांकडे पाहत असतात. त्यातही पाण्याने थंड होणारी एका भिंतीला, हवेने होणारी दुसऱ्या. झडपा डोक्यावर असणारी वेगळी, कुशीत असणारी वेगळी. एक इंजिन तिकोनी चकतीचे होते, त्याला पिस्टनच नव्हते. ते आबांनी दाराजवळ एकटे ठेवले होते. "हा आपला पाहुणा, त्याला घरचे नियम लावायचे नाहीत," असे ते संग्रहालय पाहायला येणाऱ्या मुलांना सांगत. नातेवाइकांनाही त्यांच्या तावडीतून सुटका नव्हती. साडू हवेवर थंड होणारा, कितीही तापला तरी पाणी विचारायला नको. धाकटी बहीण डिझेलवरची. उशिरा पेटते, पण एकदा पेटली की आवरत नाही. निवृत्त होऊन कैक वर्षे झाली तरी ते रोज येत, दालनांतून एक चक्कर मारत आणि कोणी धूळ पुसताना एखादे इंजिन वीतभर सरकवले असेल तर पुन्हा जागेवर लावत.

तिसऱ्या दालनातले मानाचे इंजिन हेच. सहा सिलिंडर इकडे, सहा तिकडे. आबांच्या तरुणपणी ते शर्यतीच्या एका गाडीतून चालत्या स्थितीत आले होते. आबांनी ते सुरू केले, वर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला, आणि थेंबसुद्धा सांडला नाही. त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला: समोरासमोरचे पिस्टन एकदम जात असणार, एकदम येत असणार, एकाचा धक्का दुसरा जागच्या जागी जिरवत असणार. चालते इंजिन उघडायचे नाही हा दंडकही त्यांचाच. त्यामुळे आत कोणी कधी पाहिले नाही. आता ते पेटण्यापलीकडे गेले, तेव्हा आबांनी स्वतः ते तिच्या हवाली केले होते. या आठवड्याअखेर दालन नव्याने उघडणार होते आणि पहिले हँडल आबा फिरवणार होते.

पण गोष्ट एवढ्यावर असती तर तिने जाऊन सांगितलेही असते. लग्नानंतर घरी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी आबांनी दोघांना या इंजिनासमोर आणून उभे केले होते. "असं राहा," ते म्हणाले होते. "जाल तर दोघं एकदम जा, याल तर दोघं एकदम या. म्हणजे घर हादरत नाही." नवरा तिच्या कानाशी पुटपुटला होता, "आणि उरलेले दहा कोण?" ती खूप हसली होती. तेव्हा त्याच्याबरोबर हसणे सोपे होते.

पुढे तो कामासाठी लांबच्या शहरात गेला. आधी वरचेवर यायचा, मग मोठ्या सुट्ट्यांना, मग आलाच नाही. थंडी पडायला लागली तेव्हा त्याचा फोन आला. तो परत येणार नव्हता. तिकडे कोणीतरी होते. "आबांना तूच सांग," तो म्हणाला होता, "तुझं ऐकतात ते." तिने अजून सांगितले नव्हते. एकटी झाल्यापासून ती मागच्या लहान खोलीत निजू लागली होती. आबा दर रविवारी मुलाची खोली उघडत, चादर झटकत, गादी उलटीपालटी करत. "येईल तो. कामाच्या माणसाचं असंच असतं, सूनबाई," असे म्हणून दार लोटून घेत. ती सून म्हणून त्या घरात राहत होती. सांगितले की ती सून उरणार नव्हती, आणि मग ती त्या घरात कोण, हे तिला माहीत नव्हते. तिच्या माहेरचे कोणी मागे राहिले नव्हते. हा म्हातारा, त्याचे सकाळचे खाकरणे, स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या, एवढेच तिचे घर होते. ते जाईल याची तिला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती सांगताना आबांचा जो चेहरा होईल त्याची वाटत होती.

संध्याकाळी दोघे चालत घरी निघाले. धुक्यात आबा दोन पावले पुढे असले तरी त्यांचा मफलर तेवढा दिसे.

"उघडलंस का?" मफलर म्हणाला.

"उघडलं."

"कसं आहे आतून?"

"स्वच्छ आहे," ती म्हणाली. हे खरेच होते.

"असणारच. जोडीनं चालणाऱ्याला झीज कमी." आबा खूश होऊन चालू लागले. रस्ता कुठे वळतो ते त्यांच्या काठीला ठाऊक होते. तीही काठीच्या आवाजामागून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने लेथवर अॅल्युमिनियमचा एक गोळा लावला. खोटा क्रँक करायचा, फक्त पहिल्या जोडीपुरता. बाकीचे पिस्टन तर काढूनच ठेवायचे होते, नाहीतर हँडल जड जाते. खिडकीतून दिसणार एकच जोडी. तिला वेगवेगळ्या दोन पिना दिल्या की दोघे एकदम बाहेर, एकदम आत. जागा कमी पडत होती, म्हणून दांडे कानशीने घासून सडपातळ करायला हवे होते. तिने ते घासले. धातूची चांदीसारखी कात लेथखाली साचत गेली, खिडकीत धुके आणि तिच्या पायाशी ही कात, आणि मधे ती कुठेतरी तरंगत असल्यासारखी काम करत राहिली. आपण वाईट करतो आहोत असे तिला वाटत नव्हते. झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण सारखे करावे तसे ते काम तिच्या हातून होत होते.

जेवणानंतर बाकावर डोके टेकले तशी तिला झोप लागली. स्वप्नात एक लांब मार्गिका होती, दोन्ही बाजूंना समोरासमोर खोल्या. ती एका खोलीत शिरली की समोरच्या खोलीतून कोणीतरी निघून जाई. ती धावत समोर जाई तोवर तो इकडच्या खोलीत गेलेला असे. त्यात घाई होती, पण आवाज अजिबात नव्हता, आणि आश्चर्य म्हणजे दुःखही नव्हते. जाग आली तेव्हा गालावर बाकाच्या फळीचा वळ उमटला होता आणि रंगारी निळा डबा ढवळत तिच्याकडे पाहत होता.

"करवतबाई," तो म्हणाला, "आबांना डोळे आहेत हो."

"रंग द्या तुम्ही."

त्याने रंग दिला.

दालन उघडायच्या आदल्या दुपारी इंजिन वर नेले. तिसऱ्या दालनाचे छप्पर काचेचे होते आणि धुके थेट त्यावर येऊन बसले होते. खाली सगळीकडे सारखाच दुधी उजेड, कशाची सावली म्हणून नाही. त्यात ती आडवी इंजिने भिंतीकडेने निजल्यागत पसरली होती. आबा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. आज नुसती तालीम होती, तरीही.

त्यांनी हँडल धरले आणि फिरवले. लाल कडांच्या खिडकीत दोन्ही पिस्टन एकदम बाहेर गेले आणि एकदम आत आले.

"बघ," ते म्हणाले. "बघ कशी जोडी आहे!"

तिने मान खाली घातली. आबा फिरवत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की क्षणभर तिला वाटले, झाले, जमले, आता हे असेच राहील. मग हँडलचा वेग कमी झाला. आबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते खिडकीत वाकले. अंगठ्याचे नख त्यांनी एका दांड्यावरून वरपासून खालपर्यंत नेले.

"हा एवढा सडपातळ कसा गं?"

तिने खिडकीच्या लाल कडेवरून बोट फिरवले.

"ही तोंडं बघ सिलिंडरची. डावं आणि उजवं. एकमेकांपासून कितीशी सरकलीयत? दांड्याच्या जाडीएवढी. दोन पिना म्हटलं की मधे पोलादाची भिंत आली. ती इथं मावायची कुठं?" ते तिला विचारत नव्हते, मुलांसमोर बोलता बोलता स्वतःच विचार करावा तसे बोलत होते. बोलता बोलता थांबले. "कारखान्याला जे जमलं नाही ते तुला कसं जमलं?"

"कानशीनं," ती म्हणाली.

आबा बाजूच्या स्टुलावर बसले. रंगारी दाराकडे सरकत सरकत गेला आणि तिथल्या पाहुण्या इंजिनाची धूळ पुसू लागला, जी नव्हतीच.

"खरा क्रँक कुठं आहे?"

"खाली. बाकाखाली, गोणपाटात."

"आणा."

तिने आणि रंगाऱ्याने तो वर आणला. तो इतका जड होता की जिन्याच्या दर वळणावर टेकवावा लागला. खोटा काढून खरा बसवायला बराच वेळ गेला. आबांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि बोल्ट स्वतः आवळले, एकेक, आलटून पालटून, घाई न करता. काचेवरचे धुके पांढऱ्याचे करडे होत चालले. मग रंगारी खरोखरच काहीतरी काम आठवल्यासारखे करून निघून गेला.

आबांनी हँडल फिरवले. एक आत, एक बाहेर. एक बाहेर, एक आत.

"मग पाणी का नाही सांडलं?" ते शेवटी म्हणाले.

"मला नाही माहीत, आबा."

"मला माहीत आहे. मला तेव्हाच कळायला हवं होतं." त्यांनी डाव्या रांगेवर हात ठेवला. "सहा आहेत एका रांगेत. पहिल्या दालनात सरळ सहाचं उभं आहे ना, तेही असंच, लोण्यासारखं चालतं. सहाची रांग आपला तोल आपणच सांभाळते गं. समोर कोणी असो, नसो. मी आपलं सगळं श्रेय जोडीला देऊन बसलो."

ती त्यांच्या हाताकडे पाहत होती. त्यावर तेलाचा डाग पडला होता आणि तो सदऱ्याला लागणार होता.

"हे तू इंजिनासाठी नाही केलंस," आबा म्हणाले.

"नाही."

"आणखी काय काय असं घासून बसवलंयस?"

आता मात्र तिला रडू आले. तिने ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

"तो येणार नाहीये, आबा. थंडी सुरू झाली तेव्हा फोन आला होता त्याचा."

आबांनी फडके घेतले आणि हात पुसू लागले. तळवा पुसला, बोटे पुसली, मग बोटांच्या मधली जागा. डाग केव्हाच गेला होता तरी ते पुसत राहिले. खालचा ओठ त्यांनी दाताखाली धरला होता.

"बरा आहे ना तो?"

"बरा आहे."

"एकटा आहे?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. मग फडके घडी घालून खिशात ठेवले, जे ते कधी करत नसत, आणि दालनाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. दुधी उजेडात त्यांची पाठ लहान दिसत होती. तिथे ते काही वेळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तिला त्यांच्याजवळ जावेसे वाटले, पण कोणत्या नात्याने जायचे ते समजेना, म्हणून ती इंजिनाजवळच उभी राहिली.

ते परत आले ते खाकरतच.

"हे इथं नाही ठेवायचं," ते म्हणाले. "उद्या मुलं येतील. चुकीच्या जागी असलेली वस्तू दाखवायची नाही त्यांना. व्हीच्या दालनात घेऊ, शेवटी, जिथं रांगा फाकत फाकत आडव्या होतात तिथं. त्या चाकांचे खटके काढ."

तिने डोळे पुसले आणि वाकून स्टँडच्या चाकांचे खटके काढले. एका बाजूने ती, एका बाजूने आबा, दोघांनी इंजिन ढकलायला सुरुवात केली. चाके कुरकुरली आणि मग फरशीवरून हळूच निघाली. दोन्ही बाजूंनी निजलेली इंजिने मागे सरकत गेली.

"रविवारी त्याची खोली आवरू," आबा ढकलता ढकलता म्हणाले. "तुझ्या खोलीत ओल येते. ऊन असलं की तिकडंच असतं."

ती थांबली. इंजिनही थांबले. पुढे दोन दालनांच्या मधला दगडी उंबरा होता आणि पुढची चाके नेमकी त्याला येऊन टेकली होती.

"थांबू नको गं," आबा म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. "इथं अडकलं तर मला एकट्याला नाही हलवता यायचं."

तिने खांदा लावला.